मीटर-रूमची आंघोळ

आमच्या इमारतीत लिफ्ट बसवून आठ महिने झाले होते. बसवली म्हणजे अगदी शब्दशः बसवली होती. उठायचं नाव घेत नव्हती. दार होतं, बटणं होती, आत आरसा होता, सहा माणसांना परवानगी देणारी पाटी होती. फक्त वीज नव्हती. येणारा-जाणारा आरशात बघून केस सारखे करायचा आणि जिन्याने वर जायचा. एवढा मोठा आरसा आमच्या रस्त्यावर दुसऱ्या कुठल्या इमारतीत नसेल.

इमारतीचा सेक्रेटरी मी. निवडणुकीच्या सभेला पाच मिनिटं उशिरा पोचलो, हा माझा एकमेव गुन्हा. तोवर माझी एकमताने निवड झाली होती. तसा मी विमा कंपनीत असतो. लोकांच्या गोदामांना, दुकानांना काय काय धोके आहेत ते शोधून कागदावर उतरवणं, हे माझं बावीस वर्षांचं पोटापाण्याचं काम. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते मी अजून ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही.

लिफ्ट हवी होती ती माझ्या वडिलांसाठी. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि अण्णांचे गुडघे गेलेले. चौदा महिन्यांपूर्वी एक्स-रे काढायला नेताना त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी उचललं. दुसऱ्या मजल्यावर खुर्चीचा पाय मोडला. अण्णांना लागलं काहीच नाही, पण ते जिन्यात फतकल मारून बसलेले असताना सगळी दारं उघडली आणि अख्ख्या इमारतीने त्यांची विचारपूस केली. घरी परत आल्यावर अण्णा म्हणाले, यापुढे मला कोणी उचलायचं नाही. एवढंच म्हणाले. त्याचा अर्थ त्यांना लिफ्ट हवी आहे असा मी लावला, आणि मी एकदा अर्थ लावला की कोणाला पुन्हा विचारायला जात नाही.

रस्त्याच्या पलीकडे एक सलून आहे. सलूनवाले अण्णांच्याच वयाचे. तीस-बत्तीस वर्षं रोज संध्याकाळी अण्णा त्यांच्या बाकावर बसायचे आणि एक दिवसाआड त्यांच्या खुर्चीत. त्या दुकानाबाहेर अण्णांची दाढी कधी झाली नव्हती. उतरणं बंद झाल्यावर सलूनवाले स्वतः म्हणाले, मी वर येऊन करतो. अण्णांनी साफ नकार दिला. घरी दाढी करतात ती आजारी माणसाची, असं त्यांचं मत. मग चौदा महिने दाढीच केली नाही. छातीपर्यंत पांढरी दाढी आली. कुरिअरवाला दार उघडल्यावर दोन पावलं मागे सरकायचा आणि पार्सल लांबूनच पुढे करायचा. संध्याकाळी अण्णा गॅलरीत बसायचे, सलूनवाले खाली बाकावर बसायचे, आणि दोघं एकमेकांकडे बघत हात हलवायचे. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी त्या वेळी पेपर वाचायचो.

अशात सलूनवाल्यांनी निरोप पाठवला की एकतीस तारखेला दुकान कायमचं बंद. मुलीकडे राहायला चाललो. अण्णांनी निरोप ऐकला, दाढीवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "तुझी लिफ्ट कधी?" माझी म्हणाले ते. जणू मी ती हौसेने स्वतःसाठी आणली होती.

आता लिफ्ट का अडली होती ते सांगतो. इमारतीच्या वायरी तीस वर्षांच्या जुन्या. वीज कार्यालयाचं म्हणणं असं की लिफ्टसाठी जास्तीचा भार द्यायचा तर आधी इन्सुलेशनची चाचणी करून घ्या, म्हणजे वायरीवरचं आवरण शाबूत आहे की वीज कुठे गळते आहे ते कळेल. रास्त होतं. मी अर्ज घेऊन खिडकीशी गेलो. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, चाचणीचा अहवाल जोडा. मी म्हटलं, तुमचे साहेब समोर उभे राहिल्याशिवाय चाचणी होत नाही, मग अहवाल कुठून आणू? ते म्हणाले, साहेब अर्ज दाखल झाल्यावर येतात. म्हटलं, मग दाखल करून घ्या. ते म्हणाले, अहवाल जोडा. हे आमचं संभाषण साडेतीन महिने चाललं. आम्हा दोघांना ते इतकं पाठ झालं की शेवटी शेवटी एकमेकांची वाक्यं आम्हीच पूर्ण करायचो. अखेर माझ्या बायकोने तोडगा काढला. एका कोऱ्या कागदावर 'अहवाल यथावकाश जोडण्यात येईल' असं लिहून तो कागद तिने अर्जाला टाचला. खिडकीतल्या गृहस्थांनी टाचणी हलवून बघितली, कागद पक्का आहे याची खात्री केली आणि शिक्का मारला. तारीख मिळाली महिन्याच्या शेवटच्या गुरुवारची, सव्वीस. त्यानंतर साहेब तीन आठवडे रजेवर. म्हणजे गुरुवारी पास झालो तर अण्णा एकतीसच्या आत त्या खुर्चीत बसणार, नाहीतर नाही.

लायसन असलेला एक वायरमन गाठला. अबोल माणूस. शब्द मोजून वापरायचा आणि उरलेले घरी घेऊन जायचा. त्याच्याकडे मेगर नावाचं यंत्र होतं, डब्याएवढं. पाण्याचा पाइप गळतो का ते बघायला दाब देऊन पाणी सोडतात ना, तसं हे यंत्र वायरीत मोठ्या दाबाची वीज सोडतं आणि आवरण तिला किती अडवतं ते काट्यावर दाखवतं. मुख्य केबलला हजार व्होल्ट लावणार, म्हणाला. मेगओहम हे त्या अडवण्याचं माप, काटा एकच्या वर गेला तर पास. त्या वेळी सगळ्या घरांतले मेन स्विच बंद हवेत आणि सगळे प्लग काढलेले हवेत, नाहीतर आकडा चुकीचा येईल आणि टीव्ही वगैरे जळतील ते वेगळंच. एवढं बोलून तो दमला आणि गेला.

हजार व्होल्ट हा शब्द तिसऱ्या मजल्यावर पोचायला दहा मिनिटं लागली. तिथे आमचे सर्वज्ञ राहतात. तरुणपणी ते दीड वर्ष एका रेडिओच्या दुकानात होते, तेव्हापासून विजेबाबत जगात त्यांना नवीन काही उरलेलं नाही. त्यांनी जिन्यात उभं राहून जाहीर केलं की हजार व्होल्ट म्हणजे नळाला हात लावायची सोय नाही. गुरुवारी कोणी आंघोळ करू नये, सगळ्यांनी रबरी चपला घालाव्यात, आणि ज्यांच्या दातांत चांदी भरलेली आहे त्यांनी शक्यतो गावाला जावं. दुसऱ्या मजल्यावरचं एक जोडपं खरंच गेलं.

मग मला नोटीस काढणं भाग पडलं. मी नोटीस काढतो तेव्हा ती साधीसुधी नसते. चौदा कलमं होती. मेन स्विच बंद करणे, प्लग काढणे, घरांची दारं उघडी ठेवणे, वगैरे. कलम अकराचा मला विशेष अभिमान होता. त्यानुसार प्रत्येक घरातल्या एका जबाबदार व्यक्तीने आपल्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचं होतं, म्हणजे आतला स्विच मध्येच कोणी चालू करणार नाही. बायकोने नोटीस वाचली आणि म्हणाली, जबाबदार व्यक्ती कोण ते घरोघर ठरवायलाच एक दिवस जाईल. मी दुर्लक्ष केलं.

विरोध फक्त तळमजल्यावरच्या काकूंचा. त्यांना लिफ्टचा उपयोग शून्य, त्यामुळे आठ महिने त्या प्रत्येक सभेत लिफ्टविरुद्ध बोलत आल्या होत्या. त्यांच्याकडे काचेच्या टाकीत नऊ मासे आहेत. टाकीत हवा सोडणारा पंप विजेवर चालतो. तीन तास वीज बंद राहिली तर माझ्या लेकरांनी श्वास कसा घ्यायचा, असा त्यांचा सवाल. मी कलम सातकडे बोट दाखवलं, अपवाद नाही. काकू म्हणाल्या, तुमच्या चौदा कलमांत एक तरी सजीवांसाठी आहे का? मी घड्याळात बघून निघून आलो.

बुधवारी संध्याकाळी मी मीटर-रूम उघडली आणि हादरलो. जिन्याखालची ती खोली म्हणजे तीस वर्षांची जाळी, पाली, रंगाचे वाळलेले डबे आणि कोणाची तरी तुटकी सायकल. उद्या साहेब इथे उभे राहणार. काय म्हणतील? आमच्या मनात साहेब येणार म्हटलं की एकच गोष्ट येते, आणि ती म्हणजे बादली. मी पाण्याचा पाइप लावला. झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, साहेब, नुसतं झाडून घेऊ का? मी म्हटलं, छे, धुऊनच काढू. वीज कंपनीचा माणूस येणार तर लख्ख दिसलं पाहिजे. मीटरांवर पाणी पडू नये एवढी अक्कल मला होती, नव्हती असं नाही. मीटर मी प्लास्टिकने झाकले. भिंती धुतल्या. फरशी धुतली. खालच्या कोपऱ्यात एक लोखंडी पेटी होती, तिच्यावर तर इतकी धूळ होती की मी ती स्वतःच्या हाताने, ब्रशने, साबण लावून घासली आणि तिच्यावर पाइपचा जोरदार फवारा मारला. पेटीचा मूळ रंग राखाडी आहे हे तीस वर्षांत पहिल्यांदा उजेडात आलं.

तेवढ्यात काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. पाणी त्यांच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. त्या म्हणाल्या, अहो, विजेच्या खोलीत पाणी कशाला ओतता? मी त्यांना शांतपणे समजावलं की स्वच्छता ही सुरक्षिततेची पहिली पायरी असते आणि मी बावीस वर्षं धोक्यांचाच अभ्यास करतो आहे. त्यांनी उंबऱ्याशी फडकं टाकलं आणि दार लावून घेतलं.

गुरुवारी दहाला साहेब आले. बारीक अंगाचे, खिशाला दोन पेनं. त्यांनी मीटर-रूममध्ये नजर फिरवली आणि फारच स्वच्छ आहे, असं म्हणाले. मी विनयाने खाली बघितलं. माझ्या सेक्रेटरीपणातला सर्वोच्च क्षण तो, आणि तो मोजून चार मिनिटं टिकला.

पुरवठा बंद केला. वायरमनने दोन टोकं जोडली आणि बटण दाबलं. काटा जागचा उठला, जरासा हलला आणि परत झोपला. शून्य पूर्णांक दोन, वायरमन म्हणाला. साहेबांनी लिहून घेतलं. मी म्हटलं, कोणीतरी प्लग काढलेला नाही. हे म्हणताना मी अर्थातच तळमजल्याच्या दाराकडे बघत होतो.

बघता बघता सगळी इमारत तळमजल्यावर जमली. कलम अकराप्रमाणे दाराबाहेर बसवलेल्या जबाबदार व्यक्ती खुर्च्या तिथेच टाकून सगळ्यांत आधी खाली आल्या. काकूंच्या घरात माणसं शिरली. पंपाची वायर टेबलावर गुंडाळून ठेवलेली होती आणि काकू एका वाटीने टाकीतलं पाणी वर घेऊन परत ओतत होत्या, माशांना हवा मिळावी म्हणून. सकाळी प्लग काढल्यापासून तेच करत होत्या. मी सगळ्यांच्या मागे उभा होतो तो आणखी मागे सरकलो.

वायरमनने एकेक घर केबलपासून सोडवलं आणि दर वेळी पुन्हा बटण दाबलं. आठवं घर सोडवलं, बारावं सोडवलं, सोळाही सोडवली. काटा शून्य पूर्णांक दोनवरच. म्हणजे घरांचा दोष नाही, मुख्य केबलचाच, असं साहेबांनी शांतपणे सांगितलं. इथे सर्वज्ञांना राहवेना. केबल जुनी झाली, आता बदलावी लागणार, असं म्हणत त्यांनी दाखवायला म्हणून उघड्या टोकाला बोट लावलं. चाचणीनंतर केबलमध्ये थोडी वीज साठून राहते आणि ती आधी जमिनीत उतरवावी लागते. वायरमन तेच सांगण्यासाठी तोंड उघडत होता, पण शब्द निवडायला त्याला वेळ लागतो. सर्वज्ञ टुणकन मागे उडाले आणि रंगाच्या डब्यावर बसले. काही इजा नाही, पण संध्याकाळपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवसाचा तेवढा एक निर्भेळ फायदा.

मग वायरमन कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीजवळ गेला. माझी लाडकी पेटी. बाहेरून येणारी केबल त्या पेटीतच इमारतीला जोडलेली असते, हे ज्ञान मला तेव्हा झालं. त्याने चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आतून पाणी आलं. थेंब नव्हे, धार. नंतर थोडा साबणाचा फेस आला.

साहेबांनी विचारलं, "ही पेटी कोणी धुतली?"

मी छताकडे बघितलं. मी खोटं बोलणार नव्हतो. फक्त खरं बोलायची योग्य वेळ शोधत होतो. काकू वाटी हातात घेऊनच दारात आल्या आणि म्हणाल्या, "सेक्रेटरींनी. साबण लावून. मी नको म्हटलं होतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुठे काम करतो, असं त्यांनी सहज विचारलं. विमा कंपनीत, असं सांगताना माझा आवाज नेहमीपेक्षा बराच बारीक निघाला. धोके तपासता का, म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते अहवालात आलं नाही, पण त्या दोन ओळी अजून माझ्या जिवाला लागून आहेत.

साहेबांची दुसरी चाचणी दोन गल्ल्या सोडून होती. चारला परत येतो, म्हणाले. तोवर वाळलं आणि आकडा आला तर ठीक, नाहीतर रजेनंतर बघू. वायरमनने फडक्याने पेटी पुसली, पण जोडाच्या फटींतलं पाणी फडक्याला सापडत नव्हतं. गरम हवा हवी, म्हणाला. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी लगेच केस वाळवायचा ड्रायर आणला, आणि तो चालू कशावर करायचा हा प्रश्न पडल्यावर परत नेला. इमारत वाळवायला वीज हवी होती आणि वीज हवी म्हणून इमारत वाळवायची होती. मला वीज कार्यालयातली ती खिडकी आठवली.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. चार मजले वर अण्णा गॅलरीत बसले असणार, काय झालं त्यांना कळलं असणार, आणि मला मान वर करून बघायचा धीर होईना. चौदा महिने मी त्या माणसासाठी धावपळ केली आणि शेवटच्या दिवशी स्वतःच्या हाताने, ब्रश घेऊन, सगळ्यावर पाणी ओतलं. हसू नका. त्या पायरीवर मला खरंच रडू येत होतं.

समोरून सलूनवाले रस्ता ओलांडत आले. एका हातात दुकानातला मोठा ड्रायर, खांद्यावर टॉवेल, आणि मागे लांबत येणारी वायर. त्यांच्या दुकानाला वीज वेगळ्या लाइनची. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. सरळ मीटर-रूममध्ये गेले, टॉवेल पसरून त्यावर गुडघे टेकले, पेटीत डोकावले आणि हात फिरवून अंदाज घेतला. मग ड्रायर चालू केला. मी बावीस वर्षांत खूप तज्ज्ञ पाहिले, पण असं काम पाहिलं नाही. मधेच ड्रायर लांब धरायचे, मधेच जवळ आणायचे, टॉवेलच्या टोकाने फट टिपायचे, बोटांनी चाचपायचे. सवयीने एकदा विचारलंसुद्धा, फार गरम होत नाही ना? वायरमनने केबलच्या वतीने मान हलवली.

शून्य पूर्णांक चार. तासाभराने शून्य पूर्णांक सात. आम्ही सगळे दाटीवाटीने काट्याकडे बघत होतो. वायरमनने टोकांतली वीज उतरवली, सलूनवाल्यांनी पुन्हा हवा सुरू केली. साडेतीन वाजत आले होते.

"कडेनं घाल हवा. तू माझ्या कानामागं पण नेहमी ओलं ठेवायचास."

आवाज मागून आला. मी वळून बघितलं. मीटर-रूमच्या दारात अण्णा उभे होते. काठी हातात, दाढी छातीवर, कपाळावर घाम. त्यांच्या मागे माझी बायको, हातात पाण्याची बाटली. सलूनवाले तसेच गुडघ्यांवर वळले आणि ड्रायरची सगळी हवा दाढीवर गेली. दाढी चारी दिशांना उडायला लागली.

मी विचारलं, कसे आलात? कोणी उचललं? अण्णा म्हणाले, कोणी उचलायचं नाही असं सांगितलं होतं ना. मग बायकोनेच खुलासा केला. कलम अकराच्या खुर्च्या. प्रत्येक मजल्यावर दाराबाहेर खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि जबाबदार व्यक्ती खाली गंमत बघायला आल्या होत्या. अण्णा आठ-नऊ पायऱ्या उतरत, बायको रिकामी खुर्ची पुढे ओढे, अण्णा बसत, दम खात, पुन्हा उतरत. दोन तास लागले. अण्णांना सलूनवाले रस्ता ओलांडताना दिसले होते, मग ते कोणाचं ऐकणार?

मी म्हटलं, असं उतरता येत होतं तर चौदा महिने बोलला का नाहीत? अण्णा म्हणाले, "तू विचारलं कुठं? तू अर्ज करत होतास."

तेवढ्यात साहेब परत आले. आत येताना त्यांचा पाय रस्ता ओलांडून आलेल्या वायरीत अडकला. त्यांनी ती उचलून बघितली. त्या वायरीला चार जोड होते आणि चारही चिकटपट्टी गुंडाळून झाकलेले. इन्सुलेशनच्या चाचणीला आलेल्या माणसाने इन्सुलेशनचा तो नमुना बराच वेळ हातात धरला. मग ती वायर हलकेच खाली ठेवून ते म्हणाले की ते आता रस्त्यावर जाऊन पाच मिनिटं फोन करणार आहेत, आणि परत येतील तेव्हा त्यांना ती दिसणार नाही अशी त्यांना आशा आहे. पाच मिनिटांनी वायर दिसली नाही.

वायरमनने बटण दाबलं. काटा उठला. अर्ध्यावर गेला, एकाजवळ रेंगाळला, मग सावकाश पुढे सरकून थांबला. एक पूर्णांक चार. वायरमनने ओळीने तीन शब्द उच्चारले, पास झालं बघा, आणि सलूनवाल्यांच्या पाठीवर थाप मारली. अहवालात 'चाचणीसाठी वापरलेली साधने' या रकान्यात साहेबांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: मेगर एक, हेअर ड्रायर एक.

मी विचारलं, मग लिफ्ट आता चालू? साहेब म्हणाले, अहवाल कार्यालयात गेला की सात कामकाजाचे दिवस.

सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. गुडघ्यांचं असं आहे की उतरायला त्यांना राजी करता येतं, चढायला मात्र ते साफ नाही म्हणतात. अण्णा खाली आले होते आणि सात कामकाजाचे दिवस वर जाऊ शकत नव्हते. मी पुढच्या योजनेसाठी खिशातलं पेन काढलं. काकू म्हणाल्या, पेन ठेवा, माझी पुढची खोली रिकामीच असते. ज्यांना लिफ्टचा काडीचा उपयोग नव्हता त्यांच्याच घरी अण्णा लिफ्टची वाट बघत राहिले. माशांना सकाळी खायला घालायचं काम त्यांच्याकडे आलं. मी एकदा घालायला गेलो तर काकू म्हणाल्या, तुम्ही टाकीजवळ नको.

त्या संध्याकाळी दाढी झाली. दीड तास लागला. चौदा महिन्यांची दाढी टाइलवर पडली आणि आतून माझे वडील निघाले. एकतीसपर्यंत अण्णा रोज सकाळ-संध्याकाळ त्या बाकावर होते. इतकं काय बोलत होते देव जाणे. मी बाजूने गेलो की दोघं गप्प व्हायचे आणि मी पुढे गेलो की हसायचे. माझ्याबद्दल असणार, पण मी मनाला लावून घेतलं नाही. थोडंसं घेतलं.

एकतीसला दुकानाचं शटर खाली आलं. सामान विकलं गेलं, खुर्ची मात्र सलूनवाल्यांनी विकली नाही. आम्ही सहाजणांनी ती रस्ता ओलांडून आणली आणि लिफ्टच्या दारासमोर ठेवली. अण्णा तिच्यात बसून बंद लिफ्टच्या आरशात स्वतःकडे बघत राहिले. शेवटची दाढी तिथेच झाली. मग सलूनवाल्यांनी वस्तरा पुसला, ब्रश पुसला, दोन्ही अण्णांच्या मांडीवर ठेवले आणि मुलीच्या गाडीत बसले. अण्णा रस्त्यापर्यंत गेले आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिले. या वेळी मी पेपर वाचायला गेलो नाही.

आठव्या कामकाजाच्या दिवशी लिफ्ट उठली. पहिल्या फेरीचा मान सेक्रेटरीचा, असं मला वाटत होतं. भाषणही तयार होतं, छोटंसंच, दोन पानांचं. पण लिफ्टमध्ये आधी खुर्ची गेली, खुर्चीत अण्णा बसले, आणि मग सहा माणसांच्या त्या लिफ्टमध्ये सातव्याला काय, दुसऱ्यालाही जागा उरली नाही. दार बंद झालं. मी भाषण खिशात घालून जिन्याने वर गेलो.

खुर्ची आता आमच्या गॅलरीत आहे. अण्णा लिफ्टने खाली जातात, काकूंच्या माशांना खायला घालून येतात. समोर बंद शटर आहे, तिकडे ते फारसं बघत नाहीत. एक दिवसाआड सकाळी गळ्याभोवती टॉवेल बांधून खुर्चीत बसतात आणि मला हाक मारतात. मी तेव्हा ऑफिसला उशीर होत असूनही जातो. परवा मी ब्रश वाटीत बुडवला, चांगला फेस काढला आणि गालावर फिरवला. पाणी मानेवरून ओघळून बनियनपर्यंत गेलं. अण्णांनी डोळे मिटलेले होते. तसंच मिटून ते म्हणाले, "पाणी बेतानं. ही मीटर-रूम नाही."